दिवेलागणीनंतरची बाग

आमच्या जालना जिल्ह्यात 'बाग' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा मोसंबी येते. "यंदा बाग कशी आहे?" असे कोणी विचारले, तर तो आंबे बहाराविषयी विचारतो आहे की मृग बहाराविषयी, एवढेच काय ते समजून घ्यायचे असते. २०१२-१३ च्या दुष्काळात याच बागा लोकांनी टँकरच्या पाण्यावर जगवल्या आणि ज्या जगल्या नाहीत त्या स्वतःच्या हाताने तोडल्या. त्या बागेसाठी माणूस रडतो. सिमेंटची बाकडी, दोन झोपाळे, एक घसरगुंडी आणि फाटकावर कोनशिला अशी जी दुसरी बाग असते, पालिकेची, तिच्यासाठी कोणी रडल्याचे मी पाहिले नव्हते. गेल्या वर्षी पाहिले. म्हणून हा लेख.

आमचे गाव तालुक्याचे. नाव लिहीत नाही. एक तर जे सांगणार आहे ते मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी घडते, आणि दुसरे म्हणजे ज्यांच्याशी भांडले त्यांच्याच शेजारी मला उरलेले आयुष्य काढायचे आहे. तीस वर्षे शाळेत शिकवले. आता निवृत्त आहे. गावात निम्मे लोक मला 'बाई' म्हणतात, उरलेले त्यांच्या मुलांमुळे 'बाई' म्हणतात. या एका शब्दाचा पुढे फार उपयोग झाला.

बाग आमच्या कॉलनीच्या टोकाला आहे. एकराला थोडी कमी. कडेने कडुनिंब आणि करंज, मध्ये हिरवळीसाठी राखलेला आणि कधीच हिरवा न झालेला तुकडा, भोवती गट्टू बसवलेला चालण्याचा गोल रस्ता. एक फेरी साधारण दोनशे मीटरची. या रस्त्याच्या कडेने चौदा खांब आहेत. बाग झाली त्या वर्षी त्या चौदाही खांबांवर दिवे लागत होते, असे लोक सांगतात. मलाही अंधुकसे आठवते. मग एकेक करून ते गेले. कुठे चोक गेला, कुठे वायर उंदरांनी खाल्ली, कुठे पोरांनी दगड मारला. शेवटी एक दिवस सगळेच गेले, आणि ते नेमके कधी गेले हे कोणाच्याच लक्षात राहिले नाही. अंधाराचे असेच असते. तो एका रात्रीत येत नाही, आपण त्याला रोज थोडी जागा करून देतो.

आता थोडा उन्हाचा हिशेब सांगते, कारण पुण्यामुंबईच्या वाचकांना तो ठाऊक नसतो. मे महिन्यात आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. पण ऊन गेले म्हणून उष्मा जात नाही. चाळीस-बेचाळीस अंशांत दिवसभर भाजलेले सिमेंटचे बाकडे साडेसातपर्यंत माणसाला टेकू देत नाही. घरातही पत्रा तापलेला, स्लॅब तापलेला, पंखा गरम हवा फिरवतो आहे. अशा वेळी माणूस बाहेर पडतो तो आठला, जेवण उरकून नऊला. मार्च ते जून हे चार महिने आमच्या बागेची खरी वेळ रात्री आठ ते दहा आहे. हिवाळ्यात दिवस सहाच्या आत मावळतो. शाळा, कचेरी, दुकान, स्वयंपाक यांतून सुटलेल्या माणसाला तेव्हाही अंधारच भेटतो. म्हणजे नीट पाहिले तर दुपारी बारा वाजता ही बाग सगळ्यांसाठी मोकळी असते आणि त्या वेळी तिच्यात एक कुत्रे सावलीला झोपलेले असते. ज्या वेळी माणसांना ती हवी असते त्या वेळी ती नसते. मराठवाड्यात दिवे नसलेली बाग ही दिलेली आणि लगेच परत घेतलेली वस्तू आहे.

आणि परत घेताना ती आधी कोणाकडून घेतली जाते? पुरुष अंधारातही जात होते. मोबाइलचा उजेड पाडत चालणारे, गप्पा मारणारे, काही नुसतेच बसणारे, काही बाटल्या घेऊन बसणारे. पहिल्यांदा बाहेर पडल्या त्या बायका, मग मुले, मग म्हातारे. त्यांनी कोणी तक्रार केली नाही. येणेच बंद केले. आपल्याकडे दिवेलागण ही घरी परतण्याची वेळ. 'सातच्या आत घरात' हे आपल्या घराघरातले वाक्य. २००४ साली त्या नावाचा चित्रपटही आला. ज्या मुलीला दिवेलागणीच्या आत घरी यायचे आहे, तिच्या दृष्टीने बागेतला दिवा लागला काय आणि न लागला काय, असे आपण सहज धरून चालतो. मीही धरून चालले होते.

माझे मत बदलले ते चार मुलींमुळे. चौघी माझ्याच विद्यार्थिनी, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या. आमच्या भागात हे आता घरोघरचे आहे. महाराष्ट्रात पोलीस दलात महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला लग्नाआधी स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा जो एक सरळ रस्ता दिसतो तो हा. मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. ५० पैकी २० गुण एकट्या ८०० मीटरचे. ८०० मीटर म्हणजे आमच्या बागेच्या चार फेऱ्या. मुली पहाटे पावणेपाचला यायच्या. त्यांची वेळ तीच, कारण सहाला घरी जाऊन पाणी भरायचे असते, भाकरी टाकायच्या असतात आणि आठला अभ्यासिका किंवा कुठेतरी नोकरी गाठायची असते.

रस्त्यावर का धावत नाही, असे मी त्यांना एकदा विचारले होते. रस्त्यावर तर दिवे आहेत. त्यावर त्या हसल्या. ऊसतोडणीच्या दिवसांत पहाटे रस्त्यावर ट्रॅक्टर चालतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीला ना लाल दिवा ना काही. "बाई, रस्त्यावर उजेड हाये पण गाड्या हायेत. बागेत गाड्या नाहीत पण उजेड नाही. कुठं तरी एक धरावंच लागतंय," असे त्यांतली एक म्हणाली. तिने बाग धरली. गेल्या वर्षी मैदानी चाचणीला तीन आठवडे राहिले असताना, गट्टू खचून उघड्या पडलेल्या एका खड्ड्यात तिचा पाय गेला आणि घोट्याचे हाड मोडले. पाय प्लास्टरमध्ये, चाचणी हुकली, पुढच्या भरतीला वय बसते की नाही याची धास्ती. मी भेटायला गेले तेव्हा ती शांत होती. वडील रडत होते. "मीच परवानगी दिली होती," एवढेच ते पुन्हापुन्हा म्हणत होते.

खड्डा दिवसा सगळ्यांना ठाऊक होता. दिवसा तो कोणाच्या पायाखाली येत नव्हता.

त्याच आठवड्यात आम्ही अर्ज लिहिला. आम्ही म्हणजे मी, शेजारचे निवृत्त तलाठी, कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार आणि त्या उरलेल्या तीन मुली. अर्जाखाली सह्या घेत कॉलनीत फिरलो. हा अनुभव प्रत्येकाने आयुष्यात एकदा घ्यावा. शाळेत तीस वर्षे शिकवून जे कळले नाही ते सह्या गोळा करताना आठ दिवसांत कळते. पुरुष पटकन सही करतात, वाचत नाहीत. बायका वाचतात, आणि मग म्हणतात, "हे येऊ द्या." एका घरी गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडच्या बायका बागेत जातच नाहीत, त्यांची सही कशाला?" मी म्हटले, "का जात नाहीत, ते विचारले का कधी?" आतून त्यांच्या सूनबाई बाहेर आल्या, पदराला हात पुसले, माझ्या हातून पेन घेतले आणि सासऱ्यांसमोर सही केली. एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या मोहिमेतला तो सर्वांत मोठा क्षण असे मी मानते, दिवे लागले त्यापेक्षाही.

विरोधही झाला. तो सगळाच खुळचट होता असे म्हणता येणार नाही. पहिला विरोध पाण्याचा. "नळाला आठवड्याने पाणी येते आणि तुम्हाला बागेत दिवे पाहिजेत?" हा प्रश्न मराठवाड्यात कोणालाही गप्प करू शकतो. २०१३ च्या उन्हाळ्यात जालना शहराने पाण्यासाठी काय सोसले ते आम्ही पाहिले आहे. पण थोडा विचार केला की लक्षात येते, पाणी नाही म्हणून दिवा नको, रस्ता नाही म्हणून वाचनालय नको, या हिशेबाने आपल्याला कधीच काही मिळत नाही. गरीब गावाने एका वेळी एकच गोष्ट मागावी, असा नियम कोणी केला? शिवाय बागेतल्या दिव्यांनी पाणी आटत नाही.

दुसरा विरोध 'जोडपी बसतील' हा. त्यावर आमचे तलाठीबुवा म्हणाले, "जोडपी अंधारातच बसतात साहेब, उजेडात कोण बसतं?" विषय संपला.

तिसरा विरोध मात्र मला आवडला. गल्लीतले एक गृहस्थ पक्षी पाहतात. ते म्हणाले, कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे; रात्रभर झगझगीत दिवे लावले तर ती जाईल. लोकांनी त्यांना हसून घेतले. मी हसले नाही. अंधारालाही किंमत आहे, हे आता सरकारदरबारीही मान्य झाले आहे. आपल्याच महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, ती रात्रीचे आकाश काळे राखल्याबद्दल. मग आमच्या मागणीत आम्ही दोन ओळी वाढवल्या: दिवे झाडांच्या शेंड्यांवर नकोत, खाली रस्त्यावर उजेड पाडणारे हवेत, आणि ते रात्रभर नकोत, रात्री अकराला बंद व्हावेत आणि पहाटे साडेचारला पुन्हा लागावेत. पिंगळ्यांसाठी मधले साडेपाच तास राखले. या दोन ओळींनी पुढे आमचा फायदाच झाला.

अर्ज घेऊन पालिकेत गेलो. आवक-जावक टेबलावर शिक्का मारून घेतला, क्रमांक लिहून घेतला. वाचकहो, आणखी काही विसरलात तरी चालेल, पण हा क्रमांक विसरू नका. महिन्याने विचारायला गेलो तर संबंधित बाबूंनी फाइल चाळली आणि अतिशय आदराने सांगितले, "बाई, रस्त्यावरचे दिवे आपलं कर्तव्य आहे. बाग ऐच्छिक असते."

हे उत्तर त्यांनी मनाने बनवले नव्हते. घरी येऊन माझ्या एका वकील विद्यार्थ्याकडून कायद्याचे पुस्तक आणवले. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. त्याच्या कलम ४९ मध्ये नगरपालिकेची कर्तव्ये दोन वाट्यांत घातली आहेत. काही बंधनकारक, काही स्वेच्छाधीन. दिवाबत्ती बंधनकारक वाट्यात आहे. उद्याने, बागा दुसऱ्या वाट्यात. मोठ्या शहरांसाठी जो १९४९ चा महानगरपालिका अधिनियम आहे, आणि २०२३ मध्ये महानगरपालिका झाल्यापासून जो जालना शहरालाही लागू आहे, त्यातही असाच विभाग आहे. म्हणजे कायद्याच्या नकाशात उजेड रस्त्याने चालत चालत येतो आणि बागेच्या फाटकापाशी थांबतो. आत जायचे की नाही ते त्याच्या मर्जीवर.

पण पुस्तक पुन्हा वाचताना एक शब्द दिसला. बंधनकारक दिवाबत्ती फक्त 'रस्त्यांची' नाही. रस्ते, जागा आणि इमारती असे तिथे म्हटले आहे. सार्वजनिक जागा! बाग करणे ऐच्छिक असेल. नसती केली तर आम्ही काही कोर्टात गेलो नसतो. पण एकदा केली, कोनशिला बसवली, फाटक उघडले, की ती सार्वजनिक जागा झाली. आणि सार्वजनिक जागेतला दिवा ऐच्छिक नाही. हे बरोबर की चूक ते न्यायालयाला ठाऊक, मी कायद्याची पंडित नाही. पण दुसऱ्या अर्जात मी हे वाक्य घातले, आणि त्याच्याखाली ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीचा दाखला दिला. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या त्या यादीत अठरा विषय आहेत. उद्याने आणि क्रीडांगणे बाराव्या क्रमांकावर, रस्त्यावरची दिवाबत्ती सतराव्या. घटनेने दोघांना एकाच पानावर ठेवले, आम्ही मात्र मध्ये फाटक लावले.

दुसऱ्या अर्जाला उत्तर आले. एक दिवस पालिकेचा वायरमन पाहणीला आला. मी, तलाठीबुवा आणि तीन मुली त्याच्या मागे खांबा-खांबाने फिरलो. हा माणूस मला फार आवडला. त्याने पहिला खांब पाहिला, जंक्शन बॉक्सचे झाकण उघडले, आत हात घातला आणि म्हणाला, "बाई, दिव्याचं नंतर बघू. इथं लाइनच नाही." बागेचा वीजमीटर वेगळा होता. त्याचे बिल थकले, मीटर काढून नेला. तो गेला तेव्हाच चौदाही दिवे गेले होते. चोक, उंदीर आणि दगड ही आम्ही आपापसात रचलेली कारणे. एवढेच नव्हे, गावातल्या दिवाबत्तीच्या देखभालीचा जो ठेका दरवर्षी दिला जातो त्याच्या यादीत हे चौदा खांब नव्हतेच. बाग झाली ती एका वेगळ्या योजनेच्या पैशातून. योजनेत खांब उभे करायला पैसे होते. त्यावरचा दिवा उद्या गेला तर तो कोणी बदलायचा, हा प्रश्न योजनेत नव्हता. चौदा खांब कोणाच्याच वहीत नव्हते. जे वहीत नाही ते विझले तर विझले हे कळणार कोणाला?

याच दरम्यान एका पुढाऱ्याने आम्हाला हायमास्ट देऊ केला. बागेच्या मधोमध उंच मनोरा, वर सहा मोठे दिवे, खाली नावाची पाटी. कॉलनीत निम्मे लोक हरखून गेले. फुकट मिळते आहे तर घ्या की! त्या रात्री आमच्या ओट्यावर जी बैठक झाली ती भांडणाचीच म्हणायची. तलाठीबुवाही हायमास्टच्या बाजूने गेले. मी वायरमनला विचारले होते, त्याने जमिनीवर काडीने चित्र काढून दाखवले होते: उजेड पडणार कडुनिंबाच्या डोक्यावर, आणि झाडाखालचा गोल रस्ता, जिथे माणसे चालतात, जिथे तो खड्डा होता, तिथे नेमकी गडद सावली पडणार. लख्ख उजेडाशेजारची सावली साध्या अंधारापेक्षा वाईट, डोळ्यांना तिच्यात काहीच दिसत नाही. उंचावरचा दिवा बागेबाहेरून छान दिसतो, आतून नाही. आणि तो गेला तर शिडी पुरत नाही, क्रेन आणावी लागते; ती जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणार कधी? शेवटी एका मुलीने विचारले, "आपल्याला दिवा पाहिजे का बाग दिसायला पाहिजे?" मतदान घेतले. आम्ही थोडक्या मतांनी जिंकलो. दोन घरे अजून माझ्याशी बोलत नाहीत.

खर्चाचे म्हणाल तर आकडा ऐकून मला स्वतःला लाज वाटली. पूर्वीचे सोडियमचे पिवळे दिवे प्रत्येकी दीडशे वॅटचे असत. आताचा वीस वॅटचा एलईडी त्या चालण्याच्या रस्त्याला पुरतो, जर तो झाडाच्या फांद्यांच्या खाली, कमी उंचीवर लावला तर. चौदाऐवजी वीस दिवे धरले आणि ते रोज पाच तास जाळले, तरी दिवसाला दोन युनिट. महिन्याला साठ. याच जिल्ह्यात जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या भट्ट्या आहेत, बांधकामाच्या सळयांसाठी जालना देशात ओळखले जाते. इंडक्शन भट्टीत एक टन भंगार वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते. म्हणजे एका टन लोखंडाच्या विजेत आमची बाग जवळजवळ तीनशे रात्री उजळली असती. भट्ट्यांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. त्यांनी हजारो घरांत चूल पेटवली आहे. पण वीज महाग आहे, परवडत नाही, हे कारण निदान या जिल्ह्यात कोणी सांगू नये.

वीज परवडत नाही असे नसून बिल भरायचे कोणी, हे ठरलेले नसते. २०२१ साली वीजबिलाच्या थकबाकीपोटी राज्यात ठिकठिकाणी ग्रामपंचायतींच्या रस्त्यांवरचे दिवे तोडले गेले, सरपंच रस्त्यावर आले, ते आठवत असेल. गावकरी घरपट्टीच्या पावतीवर 'दिवाबत्ती कर' म्हणून वेगळा रकाना भरतात, आणि तरी अंधारात राहतात. सुरक्षिततेसाठी दिल्लीतून जो पैसा येतो तो आमच्यापर्यंत येत नाही. निर्भया निधीतून २०१८ मध्ये 'सेफ सिटी' प्रकल्प मंजूर झाले, त्यांत आठ शहरे होती आणि महाराष्ट्रातून एकटी मुंबई. मुंबईला मिळू नये असे नाही. पण पहाटे पावणेपाचला धावणारी मुलगी मुंबईत असते तशी ती तालुक्याच्या गावीही असते.

दिव्याने काय साधते, यावर जगात पुष्कळ विचार झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली गरीब वस्त्यांच्या काही गृहसंकुलांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून जादा दिवे लावून पाहिले. तिथे रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. पण दिवा लावला आणि भीती गेली, इतके ते सोपे नाही. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ सालीच बजावून ठेवले आहे की दिव्याचा उपयोग तो माणसांना बाहेर काढतो म्हणून आहे. बघणारे डोळेच नसतील तर दिवा नुसता जळत राहतो. आपल्याकडे मुंबईवर २०११ साली 'व्हाय लॉयटर' हे पुस्तक आले. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींचे. त्यांचे म्हणणे असे की बाईला घराबाहेर पडायला नेहमी काहीतरी काम दाखवावे लागते. काही काम नसताना नुसते रेंगाळण्याचा हक्क तिला कोणी देत नाही. मला ते वाचताना आमची बागच दिसली. भरतीच्या मुलींना निदान 'धावणे' हे काम होते. माझ्या वयाच्या बायकांना तेही नाही. उकाडा आहे, वारे खायचे आहे, हे काही काम नव्हे ना!

दिवे कसे लागले ते थोडक्यात सांगते, कारण त्यात फारसे नाट्य नाही. आम्ही तिसरा अर्ज एका पानाचा केला. त्यात चारच मागण्या: मीटर पुन्हा जोडावा, चौदा खांब देखभालीच्या यादीत घ्यावेत आणि प्रत्येकावर क्रमांक रंगवावा, उघडे जंक्शन बॉक्स बंद करून अर्थिंग करावे, गट्टूचा खड्डा भरावा. नवा खांब मागितला नाही, निधी मागितला नाही. निधी मागितला की फाइल वर जाते. वर गेलेली फाइल खाली यायला पावसाळा लागतो. आमची फाइल गावातच राहिली. साडेसात महिने लागले. मी अकरा चकरा मारल्या. एकदा साहेब बैठकीला होते, एकदा दौऱ्यावर, एकदा मीच आजारी. शेवटच्या चकरेला बाबूंनी स्वतः खुर्ची दिली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मला पाचवीला होतात." मला आठवत नव्हते. मी आठवते असे सांगितले.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी चौदातले अकरा दिवे लागले. तीन अजून नाहीत. उद्घाटन नको म्हणून आम्ही कोणाला कळवलेच नव्हते, तरी नारळ आला, फोडला गेला. त्या रात्री बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. मग आठ दिवसांनी गर्दी ओसरली आणि खरी माणसे उरली. साडेआठला चार-पाच जणी जेवण आटोपून येतात, पहिल्या खांबाखालच्या बाकड्यावर बसतात. ती सूनबाईही त्यांत असते. काय बोलतात मला माहीत नाही, मी गेले की गप्प होतात. बाटलीवाले गेले नाहीत, भिंतीमागे सरकले आहेत. पिंगळ्याची जोडी अजून आहे. पक्षीवाले गृहस्थ सांगतात की दिव्यावर किडे येतात म्हणून उलट त्यांची चंगळच झाली आहे.

एक घोळ मात्र झाला आहे. वायरमनने टायमर लावला तो रस्त्यावरच्या दिव्यांसारखा नाही. संध्याकाळी दिवे लागतात आणि साडेनऊला जातात. पहाटे लागतच नाहीत. आम्ही अकरा आणि साडेचार असे स्पष्ट लिहिले होते, पण वरून आलेल्या आदेशात फक्त 'सायंकाळी' एवढाच शब्द होता, आणि वायरमन आदेशाबाहेर जायला तयार नाही. त्याचेही बरोबर आहे.

घोटा मोडलेली मुलगी आता पुन्हा धावते. वय बसते आहे, एक भरती हाती आहे. पहाटे तिचे वडील मोटारसायकल बागेत आणून उभी करतात आणि हेडलाइट लावून ठेवतात. गोल रस्त्याचा पाव भाग उजळतो, उरलेला ती आठवणीने धावते. चौथा अर्ज या वेळी मी लिहिलेला नाही. तिने लिहिला आहे. माझ्या हाती वाचायला दिला तेव्हा मी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि परत दिला. सोमवारी ती आवक-जावक टेबलावर जाणार आहे. शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय उठायचे नाही, एवढे सांगितले आहे.